नाही म्हटल्याची जागा

ओली गोधडी. दोन माणसांनी दोन टोकं धरून पिळायची, तरी ती आतलं पाणी सोडत नाही.

प्लास्टिकचं हिरवंगार गवत. ऊन लागलं की त्याला रबराचा वास येतो.

म्हशीच्या पाठीवर बगळा. म्हैस बुडते, बगळा उडतो. म्हैस वर येते, बगळा परत बसतो. दोघांचंही बरं चाललेलं.

"नाही."

जांभळी फुलं, इतकी दाट की खाली पाणी आहे हे कुणी सांगितलं तरच कळावं.

वाळूत पहुडलेलं टरबूज. त्याला एक टिचकी, आणि आत पिकलंय का ते ऐकायला टेकवलेला कान.

पिवळा जेसीबी, दात गाळात.

व्हेज मंचुरियनची रांग.

हे सगळं एकाच जागेचं वर्णन आहे. जागा अहिल्यानगरातली, सीना नदीच्या काठावरची, आणि ती शामकांतला रविवारी दिवस मावळायच्या आत शोधून काढायची होती. सापडली तर लग्न. नाही सापडली तर दर गुरुवारी पोहे, आणि बाकी काही नाही.

शामकांतचं वय बहात्तर. चित्रकलेचा निवृत्त मास्तर, डोक्यावर पांढरा पिंजलेला कापूस, घरात मुलगा, सून. एवढ्या वयाच्या माणसाला 'ते' म्हणावं अशी आपली रीत. पण त्या रविवारी तो दाढी करताना शीळ घालत होता, आणि शीळ घालणाऱ्याला 'ते' कसं म्हणणार?

तर झालं असं. इंदू, सत्तरीची, साताऱ्याकडे एका शाळेत मुख्याध्यापिका होती. लग्न केलं नाही. वर्षापूर्वी नगरला भावाच्या शेजारी येऊन राहिली. लहानपणी दोघं नालेगावात एकाच गल्लीतली, त्यामुळे येणं-जाणं सुरू झालं, आणि गुरुवार हा पोह्यांचा वार ठरून गेला. अशाच एका गुरुवारी, यामिनी म्हणजे सून आत खोबरं खवत असताना, शामकांतनं विचारलं की आपण लग्न करू या का. इंदूचा चमचा थांबला नाही. तिनं लिंबू पिळलं, पोह्यांत पडलेली बी बोटानं बाजूला काढली आणि मग म्हणाली,

"शाम, चौऱ्याहत्तर साली मी तुला नाही म्हटलं होतं. ते नाही अजून तिथंच पडलंय. आधी तिथं बसून ते उचलायचं, मग पुढचं. जागा दाखव. रविवारचा दिवस देते."

आत खवणीचा आवाज बंद पडला होता.

*

जागा म्हणजे दगड.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात परतीचा पाऊस झाला होता आणि सीना भरून चालली होती. घटस्थापनेआधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, आणि गोधड्या तर धुवायच्याच. घरच्या मोरीत गोधडी मावते कुठे? म्हणून आख्खं नालेगाव बोचकी डोक्यावर घेऊन नदीवर. काठावर, खडकांवर, बाभळींवर, जिथं जागा मिळेल तिथं गोधड्या वाळत टाकलेल्या. शामकांतला ते आजही दिसतं, चित्रकाराला दिसावं तसं: लाल, पिवळे, निळे चौकोन, मधून चहाच्या रंगाची नदी, जणू काठानंच ठिगळं लावलेलं लुगडं नेसलंय. त्या गर्दीत तो, अंगात नवा सदरा, ओल्या गोधड्या उचलू लागायच्या निमित्तानं इंदूच्या दगडापाशी पोचला. दगड काळा, म्हशीएवढा, अर्धा पाण्यात. त्यानं विचारलं. ती म्हणाली नाही. मग म्हणाली, आता आलाच आहेस तर हे टोक धर. त्यानं धरलं. दोघांनी मिळून गोधडी पिळली. त्यानं उजवीकडे पीळ दिला, तिनं डावीकडे, आणि पाणी त्याच्या नव्या सदऱ्यावर.

नंतर ती बी.एड.ला पुण्याला गेली. त्याचं लग्न झालं, चांगलं झालं, संसार झाला. बायको गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली. त्या 'नाही'चं कारण मात्र त्याला कधी कळलं नाही. पहिली काही वर्षं त्याला वाटायचं मिशी. मग वाटायला लागलं, चित्रकलेच्या मास्तरला पगार तो किती. चाळिशीनंतर तो आला सदऱ्यावर. सदरा फारच पोपटी होता.

*

रविवारी सकाळी यामिनीनं स्कूटर काढली. सुश्रुत, म्हणजे मुलगा, गाडी घेऊन नागापूरला कारखान्यात गेलेला, त्याची रविवारीही ड्यूटी. स्कूटरवर मागे एकच माणूस बसणार. म्हणून यामिनी आधी इंदूला पुलाजवळ सोडून आली, मग शामकांतला आणायला गेली. दोघं पुलाजवळ भेटली, तर यामिनी म्हणाली, इथून दिसत नाही, पुढे जाऊ. पुन्हा आधी इंदू, मग शामकांत. असं तीनदा झालं. सकाळभर त्यांच्या प्रेमाचा निम्मा वेळ एकमेकांची वाट बघण्यात गेला. सवय होती म्हणा.

शेवटी शामकांतनं जाहीर केलं की चालत जायचं. त्याचा हिशेब साधा होता. दगड अर्धा पाण्यात होता. म्हणजे पाणी सोडायचं नाही. पाण्याच्या कडेकडेनं गेलं की दगड सापडलाच पाहिजे.

पाण्याच्या कडेकडेनं जाणं सोपं नव्हतं. काठावर काटेरी झुडपं, झुडपांत पिशव्या, पिशव्यांत आणखी पिशव्या. इंदूनं साडी खोचली, पायात पांढरे बूट होतेच. ती पुढे, तो मागे, यामिनी स्कूटर ढकलत सगळ्यांच्या मागे, आणि बोलणं मात्र तिघांचंही एकाच वेळी चाललेलं.

इथं वाळू होती, शामकांत म्हणाला, इथं हातानं झिरा काढायचो आणि पाणी प्यायचो. इंदू म्हणाली की झिरे वर होते, पुलाच्या अलीकडे, इथं म्हशी होत्या, म्हशींच्या खालच्या अंगाला तू पाणी प्यायलास असं तुझं म्हणणं असेल तर मला विचार करायला वेळ लागेल. यामिनी म्हणाली, या नदीत वाळू होती? हे तिला खरंच माहीत नव्हतं. कर्जतकडची पोर, लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं सीना म्हणजे एक हिरवा पट्टा पाहिलेला.

मग दोघांनी तिला नदी सांगायला घेतली, इंदूनं सुट्ट्यांत भावाकडे येऊन पाहिलेली, पण उलटीसुलटी. एकानं एक काळ उचलायचा, दुसऱ्यानं मध्येच दुसरा ठेवून द्यायचा. वाळूत मालनबाईची टरबुजं, उन्हाळ्यात वेल पसरलेले, अगं हो आणि त्याच्याआधी साबणाचा फेस, नाही, फेस नंतर, फेस शाळेला नवीन इमारत झाली त्या सुमारास, पांढरा, ढगासारखा, मुलं हातात घेऊन दाढी करायची, त्याच्याआधी वाळू ट्रकमधून गेली आणि नदीची हाडं वर आली, आणि मग काळं, कितीतरी वर्षं काळं, नाक धरून पूल ओलांडायचा, मग एकदम ती जलपर्णी, जांभळी फुलं, बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे काय सुंदर आहे तुमची नदी, आणि आम्ही म्हणायचो हो ना.

काळ्या नदीचं एक शामकांतला आठवलं ते त्यानं सांगून टाकलं. सहावीच्या वर्गाला 'आमच्या गावची नदी' हा विषय दिला होता. सगळ्यांनी निळी नदी, दोन डोंगर, मधून सूर्य. ज्ञानेश्वरी नावाच्या एका मुलीनं काळी नदी काढली, वर फेस पांढऱ्या खडूनं.

"तिला किती दिलेस?" इंदूनं विचारलं. मुख्याध्यापिका एका क्षणात जागी झाली.

"सगळ्यांत जास्त."

"आणि निळ्या नदीवाल्यांना?"

"त्यांनाही तेवढेच. डोंगर चांगले होते."

इंदू वळून हसली आणि तिचा एक बूट चिखलात राहिला. तो काढताना शामकांतनं तिचा हात धरला, आणि बूट निघाल्यावरही थोडा वेळ बूट अजून अडकलाय असं दोघंही धरून चालले. यामिनी स्कूटरच्या आरशात स्वतःची टिकली बघत होती.

*

दगड मिळेना.

एक दगड मिळाला, तो फार लहान. एक मिळाला, तो सिमेंटचा निघाला, कुठल्या तरी जुन्या खांबाचा तुकडा. तिसऱ्यावर एक माणूस गळ टाकून बसलेला. त्याला उठायची विनंती केली, तर तो म्हणाला, तुम्ही तुमचं करा, मी नाही बघत. तो दगड तांबूस होता. इंदूनं मान हलवली.

सूर्य डोक्यावर आला. सुश्रुतचा फोन आला, सापडलं का. नाही, यामिनी म्हणाली. बरं, तो म्हणाला, आणि मग दबक्या आवाजात, समजा सापडलं आणि त्या हो म्हणाल्या, तर मी त्यांना काय म्हणायचं, आई म्हणायचं का मावशी, आणि ऑफिसात काय सांगायचं, वडिलांच्या लग्नाला सुट्टी देतात का? यामिनीनं फोन कानापासून लांब धरून हसून घेतलं.

शामकांतला मात्र हसू येत नव्हतं. सकाळची शीळ कधीच थांबली होती. पाण्याची कड त्यानं दोनदा धरून पाहिली, पूल ते वळण आणि वळण ते पूल. इंदूची चाल मंद झाली होती. एकदा तिनं नुसतं घड्याळाकडे पाहिलं. या बाईनं सबंध नोकरीत एकही पेपर पुढे ढकलला नव्हता हे त्याला माहीत होतं. आज नाही तर कधीच नाही. मग दर गुरुवारी पोहे, वर शेव, आणि पोटात हे.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "वर रस्त्याला जाऊ."

वर जाताना वाटेत एक लांब भिंत लागली, गुलाबी रंगाची. भिंतीच्या आतून सनई, जिलेबीचा वास आणि 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग'. नदीकाठाला ही असली लॉन्स ओळीनं झालेली, लग्नाच्या दिवसांत रस्ता बंद पाडणारी. फाटकाशी एका प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती, ठुशी, नथ, पायात मोजे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा नमस्कार घेत. शामकांत तिच्यापुढून गेला, थांबला, मागे आला. चित्रकार चेहरा विसरत नाही, त्यावर सुरकुत्या कितीही पडोत.

"मालनबाई?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. ओळख पटायला वेळ लागला नाही, कारण तिनं त्याला ओळखलंच नाही, तिनं इंदूला ओळखलं. ही नालेगावातल्या गुरुजींची पोर, टिचकी मारून टरबुजं बघायची आणि घ्यायची एकही नाही. मग जुनं बोलणं झालं. टरबुजाचा मळा गेला, वाळू गेली, काठावरचा जमिनीचा तुकडा राहिला, थोरल्या पोरानं, राधाकृष्णानं, त्यावर हे लॉन्स टाकलं, आता देवाची दया. तुम्ही दोघं उन्हाचं नदीत काय शोधता?

शामकांतनं सांगितलं. अर्धं सांगितलं. दगड शोधतोय, धुण्याचा, काळा, अर्धा पाण्यात असलेला, सकाळपासून पाण्याच्या कडेकडेनं.

मालनबाई हसायला लागली. खुर्ची हलायला लागली, मोज्यांतले पाय वर आले.

"आरं द्येवा. पानी कुठं जाग्यावर ऱ्हातंय व्हय? जेशीबीनं समदी नदी तिकडं सारली, हितला गाळ हितंच लोटला. आमी त्याच्यावरच उभं हाय. तुमी पान्याच्या मागं लागला आन् दगुड हितं."

"इथं?"

"आत हाय. त्यो काय हालला न्हाई. जेशीबीचा दात मोडला, पर त्यो हालला न्हाई. मंग राधाकिसन म्हनला, ऱ्हाऊ दे, रंग दिऊ."

*

आता लग्नात घुसायचं कसं हा प्रश्न होता. पण घुसावं लागलंच नाही. लग्न त्यांच्यातच घुसलं. फाटकातून आत पाऊल टाकलं तोच एकीनं इंदूच्या हातावर अत्तर लावलं, एकीनं गजरा दिला, आणि एका माणसानं शामकांतला खुर्चीत दाबून बसवून त्याच्या डोक्याभोवती गुलाबी फेटा गुंडाळायला सुरुवात केली. फेट्याचं टोक दातात धरून त्यानं विचारलं, कुणाकडचे, मुलाकडचे का मुलीकडचे?

इंदू शांतपणे म्हणाली, "आम्ही नदीकडचे."

फेटेवाल्यानं मान डोलावली, जणू तेही एक खानदान असतं. तुरा मात्र त्यानं जरा जास्तच उंच सोडला.

हिरवं प्लास्टिकचं गवत. खुर्च्यांना पांढरे झगे. आणि गवताच्या टोकाला, मंचुरियनच्या काउंटरपलीकडे, मोठ्या बदामाच्या आकाराची कमान, प्लास्टिकच्या गुलाबांची, त्यावर 'सेल्फी पॉइंट', आणि कमानीच्या मधोमध पांढरा पेंट मारलेला, म्हशीएवढा दगड. त्यावर दोन पोरी ओठांचा चंबू करून बसलेल्या. समोर दहाबारा जणींची रांग.

यामिनीनं तोंडावर हात ठेवला.

"बाबा, हे आपलं लॉन्स आहे. म्हणजे आमचं. आमचं लग्न इथंच झालं. तुमचा बूट चावत होता म्हणून तुम्ही या दगडावर बसून तो काढला होता. माझ्या अल्बममध्ये आहे."

हे खरं होतं. मुलाच्या लग्नात, व्याह्यांच्या मानपानात, शामकांत त्या दगडावर बसला होता, घाम पुसला होता, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. नदी शेजारी असती तर कळलं असतं. नदीशिवाय तो नुसता दगड होता.

पण इंदू लांबच उभी राहिली. पांढरा दगड तिला मान्य नव्हता. दगड काय, कुठलाही रंगवतील. म्हातारी म्हणते म्हणून आपण धरायचं का? शामकांतनं फेटा सावरला. फेट्याखाली घाम. आत्ताच सगळं सापडलं होतं आणि आत्ताच जातंय.

इंदू रांग मोडून पुढे गेली. पोरी 'ओ आजी' म्हणाल्या. ती दगडाच्या मागच्या अंगाला वाकली, प्लास्टिकचे गुलाब बाजूला सारले आणि पेंटवरून तळहात फिरवायला लागली, हळू, आंधळा माणूस चेहरा बघतो तसा. वरून खाली. खालून वर. मग हात एका ठिकाणी थांबला. तिथं एक खळगा होता, वाटीएवढा, गुळगुळीत. शिकेकाईची वाटी ठेवून ठेवून, किती पिढ्यांच्या बायकांनी, तो पाडलेला. तिचा तळवा त्यात बरोबर बसला.

तिनं पदर सारखा केला आणि दगडावर बसली.

"ये," ती म्हणाली. "रांग आहे मागे."

तो बसला. फोटोग्राफरला वाटलं हे यजमानांपैकी. तो म्हणाला, काका जरा जवळ, आजी, खांद्यावर हात. आणि त्याच वेळी तिकडे स्टेजवर मंगलाष्टकं सुरू झाली. रांगेतल्या सगळ्या पोरी अक्षता घेऊन स्टेजकडे वळल्या, फोटोग्राफरही वळला, आख्ख्या मांडवाची पाठ या दोघांकडे झाली. नाकातलं, उंच, कर्कश्श मंगलाष्टक, कर्ण्यांतून, अगदी डोक्यावर.

"ते नाही मी उचललं," इंदू म्हणाली. "आता विचार."

शामकांतनं तोंड उघडलं. एवढी वर्षं घोटलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "इंदू, मी पोहे बरे करतो."

"माहीत आहे. खाते मी. विचार."

"लग्न करशील का?"

सावधान, कर्णा ओरडला, आणि सगळीकडून अक्षता उडाल्या. ज्यांचा नेम चुकला त्यांच्या इकडे आल्या. फेट्यावर, गजऱ्यावर, पांढऱ्या दगडावर पिवळी ज्वारी टपटपली. इंदूचे ओठ हलले. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं कानाला हात लावला. ती कानाशी वाकली आणि शाळेच्या मैदानावरून शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"हो."

बरोबर त्याच क्षणी कर्णा थांबला होता. आख्खा मांडव वळला. नवऱ्या मुलानं अंतरपाटाच्या वरून डोकावून पाहिलं. कुणी तरी टाळी वाजवली, ती पसरली, बँडवाल्याला वाटलं आपली वेळ झाली, त्यानं बँड सुरू केला, आणि तो मग थांबेचना. फाटकाशी मालनबाई काय झालं काय झालं विचारत उभी राहिली. यामिनी पाणीपुरीच्या काउंटरपाशी ठसका लागून रडत होती, किंवा हसत. तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं सुश्रुतला फोन लावला आणि म्हणाली, मावशी नको, आई म्हण, नाही तर मॅडम म्हण, सुट्टी मात्र आत्ताच टाक.

शामकांतला वाटलं, आपण उठलो तर आपण उडू. म्हणून तो बसून राहिला.

"अहो," इंदू म्हणाली.

तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच येत होतं. त्यानं मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून.

"शामच म्हण," तो म्हणाला. "मला दचकायला होतं."

मग त्यानं ते विचारलंच. एवढं झालंय तर तेही होऊन जाऊ दे. तेव्हा नाही का म्हणालीस? मिशीमुळे का पोपटी सदऱ्यामुळे? इंदूनं त्याच्या फेट्यावरचे ज्वारीचे दाणे एकेक करून टिपले, तळहातावर गोळा केले, आणि म्हणाली, तुला सदरा आठवतोय, म्हणजे तू माझ्याकडे बघतच नव्हतास. चल, मंचुरियन संपेल.

ते दोघं रांगेत उभे राहिले. वाढपी म्हणाला, नदीकडची मंडळी ना, या, पुढे या.

चौऱ्याहत्तर साली, त्या दिवशी, दगडाच्या दुसऱ्या टोकाला इंदूची आई सगळं ऐकत बसली होती.